खोलीचा घुमारा मोजायला स्वस्तातला मेजरमेंट माइक: कसा निवडायचा आणि कुठं फसायचं नाही

आमच्या माडीवरच्या खोलीत कुणी डग्ग्यावर जोरात 'घे' मारला की खालनं आई विचारायची, "काय पडलं रे?" कोल्हापुरात राजारामपुरीतलं जुनं घर, खोली बारा बाय दहाची, वर स्लॅब, खाली लादी, भिंती सगळ्या कोऱ्या. आमच्या भजनी मंडळाचं रेकॉर्डिंग तिथंच करायचं आणि मिक्सिंग पण तिथंच, असा बेत होता. मिक्स करताना डग्गा लई वाटायचा म्हणून मी कमी करायचो, मग तेच भजन गाडीत लावलं की डग्गा गायब, तबला नुसता टिकटिक करतोय. परत वाढवायचा, परत वर येऊन ऐकलं की भिंती हलतायत. चार महिने हाच खेळ. शेवटी माझा कागलचा एक मित्र, लग्नाच्या साऊंडची कामं करतो तो, येऊन दहा मिनिटं बसला आणि म्हणाला, "भावा, स्पीकर बरोबर हायत, तुझी खोली खोटं बोलतीय. माप घे की तिचं."

माप घ्यायचं म्हणजे मेजरमेंट माइक आला, आणि इथंच माझी गाडी अडकली. कुठला घ्यायचा, केवढ्याचा, यूएसबी की साधा, कॅलिब्रेशन म्हणजे काय, काहीच कळत नव्हतं, त्यात मी एक चुकीचा माइक घेऊन पैसे घालवले, मग दुसरा घेऊन चुकीचा वापरला. हे लिहितोय ते दुसऱ्या कुणाचा एवढा वेळ जाऊ नये म्हणून. एक गोष्ट आधीच सांगतो: छोट्या खोलीसाठी महागडा माइक लागत नाही. अजिबात नाही. का ते पुढं येईलच.

१. माइक बघायच्या आधी खोली मोजा, टेपनं

गंमत नाही करत. टेप घ्या, लांबी, रुंदी, उंची मीटरमध्ये लिहा. आवाजाचा वेग सेकंदाला साधारण ३४३ मीटर धरायचा, त्याला मापाच्या दुपटीनं भागायचं. माझ्या खोलीची लांबी बारा फूट म्हणजे ३.६६ मीटर, ३४३ भागिले ७.३२, उत्तर आलं ४७ हर्ट्झ. म्हणजे ४७ हर्ट्झचा आवाज त्या दोन भिंतींच्या मधे बरोबर मावतो आणि झोपाळ्यासारखा झुलत राहतो. रुंदी दहा फूट म्हणजे ३.०५ मीटर, उत्तर ५६ हर्ट्झ. आता उंची मोजली तर ती पण दहा फूट! म्हणजे ५६ हर्ट्झला रुंदी पण झुलतीय आणि उंची पण, दोघी एकाच सुरात. आईला जे पडल्यासारखं वाटायचं ते तिथंच कुठंतरी बसलं होतं. घर बांधताना गवंड्याला हे कोण सांगणार?

आता हे असं किती वरपर्यंत चालतं? त्याला एक ढोबळ सूत्र आहे, श्रोडर नावाच्या जर्मन शास्त्रज्ञाचं. आवाज विझायला लागणारा वेळ सेकंदात घ्या, त्याला खोलीच्या घनमीटरनं भागा, वर्गमूळ काढा आणि २००० नं गुणा. माझी खोली ३४ घनमीटर, वेळ ०.४ सेकंद धरला तर उत्तर सव्वादोनशे हर्ट्झच्या जवळ येतं. म्हणजे त्याच्या खाली जे काही ऐकू येतंय त्यावर स्पीकरपेक्षा खोलीचीच सत्ता जास्त. जागा मोठी असली की हाच आकडा खूप खाली जातो. आमच्या कोल्हापूरचं केशवराव भोसले नाट्यगृह शाहू महाराजांनी उभं केलं, १९१५ सालचं, २०२४ च्या आगीत जळालं ते, तेवढ्या मोठ्या हॉलमध्ये ही ५६ हर्ट्झची कटकट आपल्यासारखी जाणवणार नाही, तिथले प्रश्न वेगळे. खर्जाची डोकेदुखी आपल्या बारा बाय दहावाल्यांच्याच नशिबी.

हे सगळं माइकच्या लेखात का सांगतोय? तर तुम्हाला जे मोजायचंय ते मुख्यतः २० ते ३०० हर्ट्झमध्ये आहे, आणि नेमक्या त्याच भागात बरेचसे स्वस्त मेजरमेंट माइक सुद्धा जवळपास सरळ रेषेत असतात. स्वस्त आणि महाग यातला फरक वरच्या टोकाला दिसतो, पाच-सहा हजार हर्ट्झच्या पुढं, आणि तिथं खोलीला इक्यू मारायचा, म्हणजे ठरावीक हर्ट्झचा आवाज कमीजास्त करायचा, तसा पण नसतो. म्हणून उरलेले पैसे रॉकवुलला, म्हणजे आवाज शोषणाऱ्या लोकरीसारख्या पॅनलला, ठेवा. स्पीकर बनवायचे असतील, त्यांचे क्रॉसओव्हर (खर्ज आणि वरचा आवाज वेगवेगळ्या स्पीकरला वाटणारं सर्किट) डिझाइन करायचे असतील तर वरच्या टोकाची अचूकता लागते आणि हिशोब बदलतो, ते पुढं येतंय.

२. घरात आहे तो माइक चालेल का?

प्रत्येकजण हेच विचारतो, मी पण विचारलं होतं.

फोन: अंदाजापुरता. फोनचा माइक बोलण्यासाठी बनवलेला असतो, आतलं सॉफ्टवेअर खालचा घुमारा कापतं, गोंगाट दाबतं, आवाज कमीजास्त झाला की आपणच लेव्हल वरखाली करतं. म्हणजे जे मोजायचंय तेच आधी धुऊन काढतं. दोन ॲप लावून बघितले, दोघांचे ग्राफ वेगळे.

गायनाचा माइक, म्हणजे स्टेजवर असतो तो जाळीच्या गोळ्याचा: नको. हे माइक कार्डिऑइड असतात, समोरचं ऐकतात आणि मागचं टाळतात, आणि आपल्याला तर सगळ्या बाजूंनी भिंतीवरनं काय येतंय ते पाहिजे. शिवाय लांबून खर्ज कमी पकडतात, तोंडाजवळ नेला की खर्ज फुगवतात.

होम थिएटरच्या रिसीव्हरबरोबर आलेला छोटा माइक: हा मोहात पाडतो. पण त्याची दुरुस्ती रिसीव्हरच्या पोटात भरलेली असते, माइक एकटा काढून कॉम्प्युटरला लावला तर तो काय वाकडं ऐकतोय हे तुम्हाला कळायला मार्ग नाही.

आणि आता माझी चूक. ऑनलाइन एक माइक दिसला, नावात 'मेजरमेंट' होतं, काळी बारीक कांडी, फोटो झकास, किंमत निम्म्यापेक्षा कमी. घेतला. ना सिरीयल नंबर, ना फाइल, ना कागद. पाठीमागनं टाळी वाजवली तर आवाज निम्म्यावर, समोरनं वाजवली तर पूर्ण. म्हणजे ओम्नी, चारी बाजूंनी सारखं ऐकणारा, पण नव्हता! परत पण घेतला नाही त्यांनी, खोकं फोडलं म्हणून. तर बघा, बारीक कांडीसारखा दिसतो म्हणून तो मेजरमेंट माइक होत नाही. चारी बाजूंनी सारखं ऐकतो का, हे पहिलं. कांडी बारीक का असते त्याला पण कारण आहे: २०००० हर्ट्झची लाट जेमतेम १७ मिलिमीटरची, जाडजूड माइक तिच्या वाटेत आला तर आपण जे मोजतोय तेच बिघडवतो, म्हणून टोक पाव इंचाच्या आसपास ठेवतात.

३. यूएसबी की एक्सएलआर, हे तुमच्याकडं काय आहे त्यावर ठरवा

इथं लोक विनाकारण भांडतात. सोपं आहे.

तुमच्याकडं ऑडिओ इंटरफेस, म्हणजे माइक कॉम्प्युटरला जोडायचा डबा, नाही, घ्यायचा विचार पण नाही, फक्त हॉलमधले स्पीकर किंवा होम थिएटर नीट लावायचंय, तर यूएसबी माइक घ्या. लॅपटॉपला लावला की झालं. माइकची संवेदनशीलता फाइलमध्येच लिहिलेली असली तर मोजायचा प्रोग्राम (आरईडब्ल्यू, पुढं येतोय) डेसिबलचा आकडा पण बऱ्यापैकी खरा दाखवतो, वेगळं साऊंड लेव्हल मीटर लागत नाही.

तुमच्याकडं रेकॉर्डिंगसाठी इंटरफेस आधीच आहे, त्याला ४८ व्होल्टचं फँटम पॉवरचं, म्हणजे माइकला वायरमधनंच वीज देणारं, बटण आहे, तर एक्सएलआर, म्हणजे तीन पिनांच्या वायरचा, माइक घ्या. स्वस्तात पडतो, आणि इंटरफेसचं एक आउटपुट त्याच्याच इनपुटला वायरनं जोडून वेळेचा अचूक हिशोब ठेवता येतो, ज्याला लूपबॅक म्हणतात. स्पीकर बनवणाऱ्यांना, सबवूफर आणि स्पीकरची वेळ जुळवणाऱ्यांना हे लई कामाचं. यूएसबी माइकचं घड्याळ वेगळं आणि तुमच्या स्पीकरच्या डॅकचं (डिजिटलचा आवाज करणाऱ्या चिपचं) घड्याळ वेगळं, त्यामुळं तिथं हे थेट जमत नाही, एका स्पीकरमधनं आधी टिक असा आवाज सोडून त्यावरनं वेळ धरायची सोय प्रोग्राममध्ये आहे, ती वापरायची.

छोटा मिक्सर असेल तर तो पण चालतो पण सांभाळा. चॅनेलचे इक्यूचे खटके बरोबर मधे पाहिजेत, आणि लो-कट नावाचं, खर्ज कापणारं छोटं बटण बंद पाहिजे. कागलच्या मित्रानं एकदा मिक्सरवरनं मोजलं, ८० हर्ट्झच्या खाली सगळं साफ, आम्ही अर्धा तास सबवूफरची वायर तपासतोय. लो-कट दाबलेलं होतं!

४. कॅलिब्रेशन फाइल: सगळी किंमत इथंच आहे

कुठलाही माइक शंभर टक्के सरळ ऐकत नाही. कुठं अर्धा डेसिबल जास्त, कुठं दोन कमी. कारखान्यात त्याला चांगल्या संदर्भ माइकशेजारी धरून तो कुठं किती चुकतो हे लिहून काढतात, तीच कॅलिब्रेशन फाइल. साधी टेक्स्ट फाइल असते, एका रकान्यात हर्ट्झ, दुसऱ्यात डेसिबल. प्रोग्राम ती वाचून तेवढी चूक ग्राफमधनं वजा करतो. पैसे द्यायचे ते या फाइलचे, कांडीचे नव्हेत.

फाइल दोन प्रकारची असते. एक, तुमच्याच माइकची, सिरीयल नंबरवरनं मिळते. दोन, 'या मॉडेलचा माइक साधारण असा असतो' असं सांगणारा छापील ग्राफ. दुसरा प्रकार म्हणजे सदरा शिवताना टेलरनं तुमचं माप न घेता गल्लीतल्या लोकांचं सरासरी माप घेतल्यासारखं. खर्जाला चालून जातं, वरच्या टोकाला नाही.

घेण्याआधी बघायचं काय:

माइकवर सिरीयल नंबर छापलाय का, आणि कंपनीच्या साइटवर तो टाकला की फाइल उतरते का. जुना माइक विकत घेत असाल तर पैसे द्यायच्या आधी विक्रेत्याकडनं नंबर मागा आणि फाइल उतरवून बघा. नंबर घासून गेलेला असला तर तो माइक फाइलशिवायचाच समजा आणि तेवढेच पैसे द्या.

काही कंपन्या दोन फाइली देतात, शून्य अंशाची आणि नव्वद अंशाची. शून्य म्हणजे माइकचं टोक स्पीकरकडं, नव्वद म्हणजे टोक छताकडं. मी इथंच दुसऱ्यांदा गंडलो. माइक स्पीकरकडं रोखलेला आणि फाइल नव्वदची लावलेली, वरचा भाग उगाच चढलेला दिसला, मी झांजेचा आवाज कमी करून टाकला आणि भजनातले टाळ पार बसले. दोन स्पीकर असतील तर माइक दोघांच्या मधोमध रोखा आणि शून्याची फाइल लावा. पाच-सात स्पीकर चारी बाजूंना असतील तर टोक छताकडं आणि नव्वदची फाइल. खर्जाला दोन्हीत फरक पडत नाही, फरक फक्त वर आहे.

आणि एक जुगाड, नाद खुळा. मित्राकडं फाइलवाला माइक असेल आणि तुमच्याकडं बिनफाइलचा ओम्नी माइक असेल तर तुम्ही स्वतः फाइल बनवू शकता. एकच स्पीकर, तीनेक फूट अंतर. सुताराचा ओळंबा छतावरनं सोडायचा, त्याच्या टोकाला मित्राच्या माइकचं टोक टेकवून मोजायचं, मग ओळंबा न हलवता तुमचा माइक त्याच जागी. प्रोग्राममध्ये एका ग्राफला दुसऱ्यानं भागायची सोय आहे, उत्तर येतं ती तुमच्या माइकची चूक, ती टेक्स्टमध्ये काढून घ्यायची. चार-पाच हजार हर्ट्झच्या वर यावर जास्त विश्वास ठेवू नका, तिथं दोनचार मिलिमीटरनं पण फरक पडतो. पण खोलीच्या कामाला पुरतं.

५. मग नेमका कुठला?

हे सगळे परदेशातले माइक. इथं येईपर्यंत ड्युटी आणि डॉलरच्या भावानं रुपयातला आकडा दर महिन्याला हलतो, म्हणून मी रुपये लिहीत नाही, तुम्ही त्या दिवशीचा बघा.

मिनीडीएसपी यूमिक-१. यूएसबी, ४८ किलोहर्ट्झवर चालतो, प्रत्येक माइकची स्वतःची फाइल, शून्य आणि नव्वद दोन्ही. नवख्यानं डोळे झाकून घ्यावा असा हाच. मी शेवटी हाच घेतला. याचा मोठा भाऊ यूमिक-२, तो १९२ किलोहर्ट्झपर्यंत जातो आणि त्याचा स्वतःचा गोंगाट कमी आहे, पण बराच महाग, आणि खोलीसाठी त्याची गरज पडत नाही. कितीही मोह झाला तरी.

डेटन ऑडिओ ईएमएम-६. एक्सएलआर, फँटम लागतो, सिरीयल नंबरवरनं स्वतःची फाइल मिळते. इंटरफेस असेल तर माझं मत याला. याचाच यूएसबीवाला भाऊ यूएमएम-६.

बेहरिंगर ईसीएम८०००. साऊंडवाल्यांच्या पेटीत हा हमखास असतो, आपल्याकडं मिळायला सोपा. ओम्नी आहे, फँटमवर चालतो, पण स्वतःच्या माइकची फाइल बरोबर येत नाही. खर्ज मोजायला चालेल, जमलं तर ओळंब्याची करामत करा.

डेटनचाच आयएमएम-६, फोनच्या हेडफोनच्या भोकात जाणारा चिमुकला, त्याला पण सिरीयलवरनं फाइल आहे. सगळ्यात स्वस्त. पण आता बऱ्याच फोनला ते भोकच राहिलं नाही, आणि लॅपटॉपच्या भोकात चार भागांची पिन चालते का ते आधी बघावं लागतं. मोठा खर्च झेपत नसेल तरच.

स्पेसिफिकेशनच्या कागदात एक आकडा दिसेल, माइकचा स्वतःचा गोंगाट. छोट्या टोकाच्या माइकला तो जास्तच असतो, घाबरू नका. आपण पंचाहत्तर-ऐंशी डेसिबलचा आवाज लावून मोजणार, तिथं तो दबून जातो. रात्रीची शांतता किती शांत आहे हे मोजायचं असेल तेव्हाच त्याचा त्रास.

६. मागवताना

कोल्हापुरात मी दोन-तीन दुकानं फिरलो, गायनाचे माइक हवे तेवढे, मेजरमेंट माइक म्हटल्यावर दुकानदार मलाच विचारतो, "त्येनं काय करत्यात?" पुण्या-मुंबईच्या विक्रेत्याकडनं मागवा किंवा बाहेरनं.

भारतातल्या विक्रेत्याकडनं घेताना जीएसटीचं बिल घ्याच, बिलावर सिरीयल नंबर लिहून मागा. वॉरंटीचा वाद झाला की तोच कामाला येतो. बाहेरनं मागवलं तर कुरिअरवाले केवायसी मागतात, आधार किंवा पॅनची प्रत तयार ठेवा, ड्युटी आणि आयजीएसटी वेगळा लागतो, शिवाय कुरिअरचा हाताळणीचा आकार. वस्तूची किंमत बघून "अरे स्वस्त आहे की" म्हणून मागवायचं आणि दारात वेगळाच आकडा, हे माझ्या शेजाऱ्याचं झालंय. ड्युटी भरायला म्हणून मेसेजमधनं लिंक आली तर ती दाबायच्या आधी कुरिअरच्या साइटवर पार्सलचा नंबर टाकून खरं आहे का बघा.

खोकं उघडताना व्हिडिओ काढा. उघडल्या उघडल्या सिरीयलचा फोटो काढा, फाइल उतरवा, आणि ती फाइल दोन ठिकाणी ठेवा. मागं पुढं टाळी वाजवून बघा, आवाज सारखाच पकडला पाहिजे.

७. बाकी सामान

– उंच स्टँड, आडव्या दांड्याचा म्हणजे बूम असलेला. टेबलावर तिपाई ठेवून मोजू नका, टेबलावरनं परत आलेला आवाज ग्राफमध्ये खड्डे पाडतो. कॅमेऱ्याचा ट्रायपॉड वापरायचा तर त्याचा स्क्रू पाव इंची असतो आणि माइकच्या क्लिपचा तीन अष्टमांश किंवा पाच अष्टमांश इंची, मधे जोड लागतो, छोटीशी वस्तू पण नेमकी त्या दिवशी मिळत नाही.
– यूएसबी वायर. साधी वायर पाच मीटरच्या वर नेऊ नका.
– एक्सएलआर असेल तर वायर आणि फँटमवाला इंटरफेस.
– लॅपटॉप, आणि त्यात आरईडब्ल्यू म्हणजे रूम इक्यू विझर्ड. जॉन मुलकाही नावाच्या माणसानं बनवलेला प्रोग्राम, फुकट आहे, विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हीवर चालतो.
– टेप, चिकटपट्टी, वही. वही विसरू नका.

८. पहिलं मोजमाप

माइक आधी लावा, मग आरईडब्ल्यू उघडा. उलटं केलं तर तो माइक यादीत दिसतच नाही आणि माणूस ड्रायव्हर शोधत बसतो. यूमिक असेल तर तो ओळखून फाइल आहे का विचारतो, तिथं द्या. बाकीच्यांना प्रेफरन्सेसमध्ये जाऊन द्यावी लागते. विंडोजमध्ये माइकच्या सेटिंगमधल्या सगळ्या सुधारणा बंद करा, नॉइज सप्रेशन, ऑटो लेव्हल, सगळं. एक्सएलआरवाल्यांनी स्पीकरचा आवाज बंद ठेवून वायर लावायची, मगच ४८ व्होल्टचं बटण. सिग्नलच येत नाही म्हणून रडत असाल तर दहात नऊ वेळा ते बटण दाबलेलं नसतं.

माइकचं टोक तुमच्या कानाच्या उंचीवर, डोकं असतं तिथं. खुर्ची पाठीची असेल तर बाजूला काढा. फॅन बंद. मे महिन्यात हे अंगावर येतं पण फॅनचा वारा माइकला खर्जाचा गडगडाट वाटतो. फ्रीजची मोटर, इन्व्हर्टरची घूं पण बघा, आपल्याकडच्या विजेची गुणगुण ५० हर्ट्झची आणि माझी खोली ४७ ला आणि ५६ ला झुलते, म्हणजे बरोबर मधे येऊन बसते. रात्री अकरानंतर मोजा. गणपतीच्या दिवसात तर विषयच सोडा, गल्लीत मंडळाचा डॉल्बी लागला की तुमचा माइक तुमची खोली नव्हे, मिरवणूक मोजतो. वर पत्रा असेल तर जोराच्या पावसात पण नको.

आवाजाची लेव्हल कमीपासून सुरू करा. स्वीप म्हणजे २० हर्ट्झपासून २०००० पर्यंत चढत जाणारी शीळ, पूर्ण आवाजात सोडली तर ट्वीटर जाईल आणि शेजारी येतील. माइकच्या जागी साधारण ७५ ते ८० डेसिबल आला की पुरे. स्वीपची लांबी २५६के घ्या, ४८ किलोहर्ट्झला साडेपाच सेकंदाच्या आसपास होतो. बाहेरचा गोंगाट असेल तर लांबी दुप्पट करा, दर दुपटीला गोंगाटाच्या तुलनेत तीन डेसिबलचा फायदा होतो.

आधी डावा स्पीकर एकटा, मग उजवा एकटा, मग दोन्ही. प्रत्येकाला नाव द्या आणि वहीत लिहा: खिडकी उघडी की बंद, पडदा कुठं, माइक भिंतीपासून किती. मी पहिल्या दिवशी बावीस स्वीप घेतले आणि दुसऱ्या दिवशी त्यातला कुठला कशाचा ते एकाचं पण आठवेना. एकदा लावलेला गेन (माइकची लेव्हल) परत हलवू नका, हलवला तर आधीच्याशी तुलना संपली. आणि तोच स्वीप काही न हलवता दोनदा घ्या, दोन ग्राफ एकमेकांवर बसले तरच पुढं जा.

९. ग्राफ बघून घाबरायचं नाही

पहिला ग्राफ बघितला की वाटतं स्पीकर मोडलेत. डोंगरदऱ्या, पंधरा-वीस डेसिबलच्या. सगळ्यांच्याच खोलीत असतात.

खर्ज बघताना ३०० हर्ट्झपर्यंतच ताणून बघा आणि स्मूदिंग (रेषा गुळगुळीत करणं) बंद ठेवा. वरचा भाग बघताना सहांश ऑक्टेव्हचं स्मूदिंग लावा, नाहीतर नुसतं केसाळ दिसतं. पहिल्या पायरीत काढलेले आकडे वहीत आहेत ना, ते ग्राफवर शोधा. माझा ५६ चा डोंगर बरोबर जागच्या जागी होता, बघून एवढं बरं वाटलं की रात्री बाराला मित्राला फोन केला, त्यानं शिव्या घातल्या.

मग वॉटरफॉल नावाचा ग्राफ बघा, त्यात आवाज थांबल्यावर कुठला हर्ट्झ किती वेळ रेंगाळतो ते दिसतं. डग्ग्याचा खरा गुन्हेगार तिथं सापडतो, उंच असण्यापेक्षा लांबणारा जास्त त्रास देतो.

डोंगर इक्यूनं कापता येतो. दरी भरता येत नाही. भिंतीवरनं आलेला आवाज मूळ आवाजाला उलटा येऊन मिळतो आणि दोघं एकमेकांना खातात, तिथं तुम्ही जेवढं वाढवाल तेवढंच भिंत पण परत पाठवते, वर ॲम्प्लिफायर तापतो. माझी दरी ९४ हर्ट्झला होती. स्पीकर मागच्या भिंतीपासून तीन फुटावर, म्हणजे ०.९१ मीटर, ३४३ भागिले त्याची चौपट, उत्तर ९४. स्पीकर भिंतीला जवळ सरकवला, दरी वर सरकली आणि उथळ झाली. एक रुपया खर्च नाही.

एकाच जागेच्या मापावर इक्यू मारू नका. डोक्याच्या आजूबाजूला वीतभर अंतरानं पाच-सहा जागी मोजा आणि सरासरी काढा. जो डोंगर सगळीकडं आहे तोच कापा.

आणि पॅनल. अंड्याचे ट्रे आणि इंचभर फोम लावून ५६ हर्ट्झ हलणार नाही, त्याची लाट सहा मीटरची आहे. कोपऱ्यात चार इंच किंवा जास्त जाडीचं रॉकवुल, भिंतीपासून थोडं सुटं. आमच्याकडं सुतारमामांनी चार चौकटी बनवून दिल्या, वर सुती कापड ताणलं. आधीचं आणि नंतरचं माप शेजारी ठेवलं तर ५६ चा डोंगर पार गेला नव्हता, पण रेंगाळणं दिसण्याइतकं कमी झालं होतं. तेवढ्यानंच आईनं विचारायचं बंद केलं.

माइक ठेवायचा कुठं

आपल्याकडचा जुलै-ऑगस्ट म्हणजे कपाटातल्या चपलांना पण बुरशी येते. या माइकची कॅप्सूल दमटपणाला नाजूक, म्हणून हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाकून ठेवा, पुड्या अधनंमधनं बदला. टोकाला बोट लावू नका, फुंकर तर अजिबात मारू नका, 'हॅलो टेस्टिंग' म्हणून टिचकी मारायची सवय असेल तर ती गायनाच्या माइकसाठी ठेवा. डब्याच्या झाकणावर सिरीयल नंबर मोठ्या अक्षरात लिहून टाका, कारण माइक तुमच्याकडं आहे हे एकदा कळलं की गल्लीतले चार जण मागायला येतात, आणि परत येताना दोन सारखे माइक अदलाबदल झाले तर तुम्ही दुसऱ्याच्या फाइलनं स्वतःची खोली मोजत बसाल. आमचं झालंय, दोन आठवड्यांनी कळलं.